चौसष्ट टक्के

त्या दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी तपासणीच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या, एक टेबल, एक संगणक, नोंदींची दोन कपाटं, एक घड्याळ, दोन दिवे (त्यांतला लागणारा एक) आणि तीन माणसं: मी, मोठ्या बाई (या खोलीतल्या माझ्या वरिष्ठ) आणि काचेपलीकडे बाबा. बाबा पेटीत बसले होते. पेटी म्हणजे कान तपासायची आवाजबंद खोली, सहा फूट लांब, पाच फूट रुंद, आतून राखाडी फोमने मढवलेली. सगळं रुग्णालय तिला पेटीच म्हणतं. बाबांच्या डोक्यावर हेडफोन होता, उजव्या कानाला लाल, डाव्याला निळा, आणि उजव्या हातात बटण. बटणाची वायर काचेखालच्या भोकातून आमच्या बाजूला येऊन संगणकात शिरत होती. संगणकाच्या पडद्यावर निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी होत्या. अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका, ही पहिली. दुसरी ओळ म्हणजे नुसता आकडा. चौसष्ट टक्के. एक पंचावन्नपासून तो चौसष्टच होता. त्रेसष्टाचे चौसष्ट होताना मी स्वतः पाहिलं होतं, त्यामुळे पासष्ट येणार याबद्दल मला शंका नव्हती. आणि मग पंचेचाळीस मिनिटं तो आला नाही, तेव्हा एक पायरी चुकल्यासारखं झालं. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं.

पाच वाजेपर्यंत वेळ होता. छापखान्याच्या पत्रात तसं स्वच्छ लिहिलं होतं: फेरतपासणीचा सही केलेला अहवाल आज पाचपर्यंत न पोचल्यास आधीचाच अहवाल कायम धरण्यात येईल. आधीच्या अहवालात उजवा कान सत्तर डेसिबल होता, डावा पंच्याहत्तर. माणसाला ऐकू यायला आवाज किती मोठा करावा लागतो त्याचं हे माप. आकडा जितका मोठा, माणूस तितका बहिरा. छपाईच्या मशीनवर उभं राहायचं तर दोन्ही कान पंचेचाळीसच्या आत हवेत, कारण धोक्याची घंटा ऐकू आली पाहिजे. बाबा एकतीस वर्षं मशीनवर होते. त्या अहवालानंतर गेले चार महिने ते छापखान्याच्या गोदामात बसून कागदाची रिमं मोजत होते. आई म्हणायची, "मोजून झाली की परत मोजतात. मी म्हटलं, अहो, रिमं काय रात्रीत पळून जाणारेत?" बाबा त्यावर हसायचे, पण ते हसणं ओठांपाशीच संपायचं. मशीनवर असताना ते जेवताना बोलायचे, कुठला रोलर कुरकुरतोय, शाई कशी बसली. रिमांबद्दल बोलण्यासारखं काही नसतं. चार महिन्यांत आमच्या घरी जेवण सरासरी अकरा मिनिटांत उरकू लागलं होतं. मी मोजलं होतं, कारण मोजायचं सोडून दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं.

संगणक विभागाच्या माणसाला आमच्याकडे उद्यासाहेब म्हणतात. मी फोन लावला.

"साहेब, पाऊण तास झाला. चौसष्टवरच आहे."

"चालू आहे ना?"

"चालू आहे की अडकलंय, हेच तर विचारतेय."

"आकडा दिसतोय म्हणजे चालू आहे."

"आकडा हलत नाही, साहेब."

"मग अडकलं असेल." त्यांचा आवाज एखाद्याने हवामान सांगावं तसा होता. "मध्येच वीज बंद करू नका हं, मशीन उठायचं नाही. अगदीच वाटलं तर खाली रद्द करा असं बटण आहे. ते दाबलं की दहा मिनिटांत जुनं परत येईल."

"आणि नवं?"

"नवं मग पुढच्या फेरीत."

"ती कधी?"

पलीकडून नुसता 'उ' आला आणि तिथेच तुटला. आपलं टोपणनाव त्यांच्या कानावर गेलेलं असावं. "लवकरच," ते म्हणाले.

खरं तर उद्यासाहेबांवर रागावण्याचा मला अधिकार नव्हता. हे अपडेट आठ महिन्यांपूर्वी आलं होतं. तेव्हा मी या नोकरीत नवी होते, विज्ञानाची पदवी अजून पिशवीतच होती म्हणा ना, आणि मोठ्या बाईंनी पहिल्याच सकाळी मला खोली कशी सुरू करायची ते शिकवलं होतं: दिवा, पंखा, नंतर. दिवा लावायचा, पंखा लावायचा आणि पडद्यावर जी खिडकी उघडते तिच्यातल्या तीन पर्यायांपैकी 'नंतर' दाबायचं. बाहेर बाकावर माणसं बसलेली असायची, अपडेटला दोन तास लागणार असं खिडकीत लिहिलेलं असायचं, आणि दोन तास कुणाकडे होते. मी एकसष्ट वेळा 'नंतर' दाबलं. हा आकडा अंदाजाने नाही. संगणक त्याची नोंद ठेवतो आणि मी ती नंतर काढून पाहिली. बाबांची पहिली तपासणी ज्या दिवशी झाली त्या सकाळचं 'नंतर' सदतिसावं होतं. वेळ आठ वाजून चार मिनिटं. त्या क्षणी मी काय विचार करत होते हे आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे, पण काहीच विचार करत नव्हते. बोट आपोआप गेलं. पुढे मला ते अपडेट हवंसं झालं तेव्हा एक्स-रे विभागात काहीतरी बिघडलं म्हणून उद्यासाहेबांनी सगळ्या रुग्णालयाचंच अपडेट थांबवलं, आणि मग मी विनंतीअर्ज करत राहिले. सात अर्ज, आणि परवानगी आली ती त्याच दिवशी सकाळी. म्हणजे आधी आम्ही त्याला थांबवलं आणि मग त्याने आम्हाला, आणि यात कुणाला नावं ठेवायची तर सुरुवात आठ वाजून चार मिनिटांपासून करावी लागेल.

दोष काय होता ते मला नळामुळे कळलं. पहिल्या तपासणीनंतरच्या आठवड्यातली एक संध्याकाळ. बाबा पुढच्या खोलीत डोळे मिटून आरामखुर्चीत पडले होते, मी स्वयंपाकघरातून आले, मध्ये बंद दार, आणि बाबा डोळे न उघडता म्हणाले, "नळ नीट बंद नाही केलास." मी जाऊन पाहिलं. थेंब पडत होता, तोही ओल्या फडक्यावर. सत्तर डेसिबलच्या माणसाला शेजारी बसून बोललेलं ऐकू येत नाही. मी तिथेच उभी राहिले, फडक्यावर थेंब पडताना बघत, आणि मला आनंद होण्याआधी भीती वाटली. मुलीचं निरीक्षण हे निरीक्षण नव्हे. ज्याला उत्तर आधीच हवंय त्याच्या हातात मोजपट्टी देऊ नये, हे मला चार वर्षं शिकवलेलं होतं. म्हणून मी आईला कामाला लावलं. वीस चिठ्ठ्या केल्या, काहींवर 'चालू', काहींवर 'बंद', आईने बंद दाराआड एकेक उचलायची आणि तसं करायचं, बाबांनी सांगायचं, मी लिहायचं. वीसपैकी सतरा बरोबर. आई बाहेर आली ती पदराला हात पुसत. "बापलेक पाणी वाया घालवून काय सिद्ध करताय तेवढं सांगा. ह्यांना ऐकू येतं हे मला विचारलं असतंत तरी सांगितलं असतं. हवं तेव्हा येतं." बाबा म्हणाले, "आणि नको तेव्हा जास्त येतं." त्या रात्रीचं जेवण बावीस मिनिटं चाललं.

मग मी मशीनच्या मागे लागले. दुपारच्या सुट्टीत पेटीत हेडफोन ठेवून, फोनचा कॅमेरा सगळ्यात वेगवान चित्रणावर लावून, पडद्यावरची 'आवाज सोडला' ही खूण आणि हेडफोनमधला आवाज एकत्र टिपले. खूण उमटायची, आणि आवाज यायचा त्यानंतर एक पूर्णांक चार दशांश सेकंदांनी. जुन्या प्रणालीत कुठेतरी आवाज तेवढा वेळ अडकून राहत होता; अपडेटमध्ये नेमका हाच दोष दूर केलेला होता. आणि प्रोग्राम तर खूण उमटल्यापासून दोनच सेकंद वाट पाहायचा. तेवढ्यात बटण दाबलं नाही तर 'ऐकू आलं नाही' असं लिहून आवाज वाढवायचा. म्हणजे माणसाच्या वाट्याला उरायचे सहा दशांश सेकंद. तरण्याताठ्या माणसाला ते पुरतात. खात्री झाल्याशिवाय बटणाला हात न लावणाऱ्या माणसाला पुरत नाहीत. आणि एकतीस वर्षं छपाईच्या मशीनवर काढलेला माणूस खात्री झाल्याशिवाय कुठल्याच बटणाला हात लावत नाही. आवाज इतका मोठा झाला की शंकेला जागाच उरली नाही, तेव्हा कुठे बाबा सहा दशांशात बसले, आणि मशीनने लिहिलं: सत्तर. मला आठवतंय, चौदाव्यांदा मोजूनही एक पूर्णांक चारच आलं तेव्हा मी तीन मजले जिने धावत उतरले आणि खाली पोचल्यावर लक्षात आलं की खाली मला काहीच काम नव्हतं. तशीच परत धावत वर गेले.

पण मग बाकीचे सगळे का नापास होत नव्हते? हा प्रश्न चांगला होता आणि त्याचं उत्तर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलं होतं. मोठ्या बाई मान हलवायच्या. आवाज सोडला की त्या मनात मोजायच्या आणि आवाज पोचायच्या बेताला काचेतून पेशंटकडे बघून किंचित मान हलवायच्या. अगदी एवढीशी, आपण पोराला 'घे, घाबरू नको' म्हणताना हलवतो तेवढी. मशीन सुस्तावल्यापासून त्यांना ती सवय लागली होती, आणि त्यात फसवणूक नव्हती, माया होती. लोक गोंधळतात, त्यांना धीर द्यावा. लोक मान पाहायचे आणि बटण दाबायचे. मी सहा आठवडे शेजारी बसून शेहेचाळीस माणसं पाहिली. त्यांतल्या नऊ जणांनी ऐकताना डोळे मिटले होते. त्या नऊच्या नऊ जणांचा आकडा पासष्टच्या वर होता. मी हे बाईंना दाखवलं तेव्हा त्या माझ्या वहीकडे खूप वेळ पाहत राहिल्या. "म्हणजे मी..." एवढं म्हणून त्या उठल्या आणि त्यांनी विनाकारण कपाट आवरायला घेतलं. दुसऱ्या दिवसापासून अर्जांवर माझ्या सहीखाली त्यांचीही सही असायची. मान मात्र हलायचीच. सवय मानेत असते, डोक्यात नाही.

बाबा डोळे का मिटतात हे मला नऊ वर्षांची असल्यापासून माहीत होतं. त्यांनी मला एकदा छापखान्यात नेलं होतं. मशीन चालू होतं, जमीन हलत होती, सगळे आवाज मिळून एक भिंत झाली होती. बाबा वाकून म्हणाले, "डोळे मीट. आता मोज, किती आवाज आहेत." मी म्हटलं, एक. "नीट मोज." भिंतीला तडे जायला लागले. कागद उचलल्याचा एक फुत्कार. पकडीचा टाळीसारखा. शाईच्या रोलरचा चिकट, ओला. मी पाचपर्यंत पोचले. बाबा म्हणाले, "सातवा बिघडलाय, म्हणून आज मी इथे उभा आहे." डोळे उघडून बघितलं तर ते स्वतः डोळे मिटून उभे होते, हजारो कागद त्यांच्या समोरून जात होते आणि ते एकाही कागदाकडे पाहत नव्हते. मी पुढे विज्ञान का घेतलं असं कुणी विचारलं तर मी दुसरंच काहीतरी सांगते.

साडेतीन वाजले. चौसष्ट. पडद्याकडे फार वेळ पाहिलं की आकडा सुटा होतो, सहा वेगळा, चार वेगळा, आणि दोघांचाही कशाशी संबंध राहत नाही. मी संगणकाच्या पाठीवर हात ठेवला. गरम होता. आतली हार्ड डिस्कची चकती मध्येच कुरकुरायची, थांबायची, कुरकुरायची. मी डोळे मिटून मोजलं: कुरकुर तीन सेकंद, शांतता अकरा, कुरकुर तीन. अडकलेलं यंत्र सारखंच वागेल, काम करणारं बदलत जाईल. दहा मिनिटांनी पुन्हा मोजलं. कुरकुर चार, शांतता नऊ. मी हे कागदावर लिहून ठेवलं, आणि तरी हेही मला माहीत होतं की दोन मापांवरून काही म्हणू नये, आणि नऊ माणसांवरूनही फारसं म्हणू नये, आणि वीस चिठ्ठ्यांवरूनही. बाबा खरंच बहिरे असतील तर? एकतीस वर्षं त्या भिंतीशेजारी काढलेला माणूस. नळ ऐकणारा कान आणि घंटा ऐकणारा कान एकच नसतो. नवं मशीन स्वच्छपणे, एका क्षणाचाही उशीर न करता, सत्तर लिहील, आणि मग मी नावं ठेवावीत असं कुणीच उरणार नाही.

पावणेचारला मोठ्या बाई खुर्ची ओढून माझ्याजवळ आल्या. "हे बघ," त्या हळूच म्हणाल्या, जणू संगणक ऐकेल. "रद्द कर. दहा मिनिटांत जुनं येतं. वडिलांना सांग, डोळे उघडे ठेवा, माझ्याकडे बघा. वीस मिनिटांत तपासणी होते, मी मान हलवते, पंचेचाळीस काय, तीसवर आणून देते. सव्वाचारला कागद डॉक्टरांच्या टेबलावर."

"बाई, तुम्हीच?"

"मीच. चार महिन्यांपूर्वी मीच बसवलं ना त्यांना गोदामात? मग मीच उठवते. आणि त्यांना ऐकू येतं, हे तूच सिद्ध केलंयस. खोटं कुठे बोलतोय आपण? खऱ्याला जरा धक्का देतोय."

मला ते पटलं. हे मी लपवणार नाही. 'रद्द करा'वर माऊसचा बाण नेला, आणि तो तिथे ठेवून पेटीचं दार उघडलं, कारण बाबांशी बोलायचा माइकही त्या संगणकावरच चालतो. आतली शांतता दारातून थंड हवेसारखी बाहेर आली.

"झालं?" बाबा म्हणाले. हेडफोन त्यांनी एका कानावरून सरकवला होता.

"नाही. बाबा, कंटाळलात?"

"छे गं. आत बरं आहे. आज मला पहिल्यांदा कळलं, श्वास घेताना माझ्या डाव्या नाकपुडीत शिट्टी वाजते. तुझी आई इतकी वर्षं म्हणते ते खरं होतं. तिला सांगू नको."

मी त्यांना बाईंचं सगळं सांगितलं. मान, जुनं मशीन, डोळे उघडे, सव्वाचार. बाबांनी ऐकून घेतलं. मग काचेतून बाईंकडे पाहून त्यांनी नमस्कार केला, मनापासून, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मशीनवर उभा राहिल्यावर माझ्यासमोर कोण मान हलवणार आहे?"

"बाबा, पाच वाजता..."

"पाचला पाच वाजतील. ते अडकलंय का चालू आहे?"

"माहीत नाही. कुरकुर बदलतेय."

"कशी?"

मी आकडे सांगितले. त्यांनी डोळे मिटले, दारातून संगणकाचा आवाज येत होता तिकडे कान केला, आणि मी श्वास रोखून उभी राहिले. "काम करतंय," ते म्हणाले. "दमलेलं आहे, पण बसलेलं नाही. हात लावू नको. दार लावून घे."

मी दार लावलं. त्या दाराला खटका आहे, तो बसला तेव्हा माझ्या आत कुठेतरी दुसरा खटका बसला, आणि मला कळलं की भीती गेली होती. पासष्ट आलेलं नव्हतं, काहीच सिद्ध झालेलं नव्हतं. पण दारापासून संगणकापर्यंत चार मीटर होते, चकतीची कुरकुर मला स्वतःला हात ठेवून ऐकावी लागत होती, आणि आत बसलेला माणूस मला ती दमलेली आहे की बसलेली हे सांगत होता. मी माऊसचा बाण 'रद्द करा'वरून काढला आणि पडद्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला, जिथून तो चुकूनही परत येणार नाही. "काय म्हणाले?" बाईंनी विचारलं. "वाट बघायची म्हणाले." बाईंनी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमच्या घरात सगळेच असे का गं?" "आई नाही," मी म्हटलं. एवढं हसू मला त्या खोलीत कधी आलं नव्हतं. आम्ही दोघी चौसष्टसमोर बसून हसत होतो, आणि काचेपलीकडे बाबा डोळे मिटून स्वतःच्या नाकपुडीची शिट्टी ऐकत होते.

चार वाजून एकोणीस मिनिटांनी चौसष्टाचे एकदम एक्क्याण्णव झाले. मधले सव्वीस आकडे कुठे गेले कुणास ठाऊक. मग शंभर. पडदा काळा झाला. तो काळेपणा दोन मिनिटं चाळीस सेकंद टिकला आणि मी त्यात माझा आणि बाईंचा चेहरा पाहिला. दोन बायका, जणू फोटो काढून घ्यायला बसलेल्या. मग उजेड आला. नव्या प्रणालीवर नवा प्रोग्राम उघडला. माझा फोन तयारच होता: खूण आणि आवाज यांतलं अंतर पाच वेळा मोजलं, पाचही वेळा सेकंदाच्या शंभराव्या भागाहून कमी. घड्याळात चार सत्तावीस. नियमाप्रमाणे स्वतःच्या वडिलांची तपासणी मला करता येत नाही, म्हणून मी उठले आणि बाई माझ्या खुर्चीत बसल्या. मी मागे भिंतीला टेकून उभी राहिले. तिथून मला पडदा, बाईंची मान आणि बाबांचे मिटलेले डोळे, तिन्ही एका रेषेत दिसत होते.

पहिला आवाज गेला. बाबांनी बटण दाबलं की पडद्यावर हिरवा ठिपका लागतो. ठिपका लागला, आणि मग बाईंची मान हलली. आवाज कमी केला. ठिपका, मग मान. आणखी कमी. ठिपका, मग मान. बाईंच्या मानेला अजून त्या जुन्या उशिराची सवय होती. ती वाट बघून हलत होती, आणि ती हलेपर्यंत बाबा ऐकून, खात्री करून, बटण दाबून पुढच्या आवाजाची वाट पाहत असायचे. पाच-सहा वेळा असं झाल्यावर बाईंनाच ते कळलं. त्यांनी मान थांबवली. दोन्ही हात मांडीवर ठेवले. त्यांच्या पाठीवरून मला दिसत होतं की त्या रडत किंवा हसत होत्या, पण आवाज सोडायचं त्यांचं बोट अचूक चाललं होतं. ठिपके लागत राहिले, हिरवे, एकामागून एक, खाली, आणखी खाली, आणि मी प्रत्येक ठिपक्याला मनात एक आवाज मोजत होते, फुत्कार, टाळी, चिकट ओला, चौथा, पाचवा, आणि मग मोजायचं सोडून दिलं, कारण आयुष्यात पहिल्यांदा मोजण्याची गरज वाटली नाही.

चार सत्तेचाळीसला कागद छापून आला. डॉक्टर खालच्या मजल्यावर कोट चढवून निघायच्या बेतात होते. त्यांनी जुना अहवाल शेजारी ठेवला, नवा वाचला, बाईंकडे पाहिलं. "पुन्हा एकदा तपासायचं का?" बाई म्हणाल्या, "तपासा. ते बाहेर बसलेत, आणि त्यांना घाई नाही." डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, पेन उघडलं, सही केली, खाली वेळ लिहिली, चार बावन्न. पाचला सहा मिनिटं असताना, स्कॅन करून पाठवलेला तो कागद छापखान्याच्या कार्यालयात पोचल्याची पावती माझ्या फोनवर आली. त्यावर अहवालाच्या शेवटच्या दोन ओळी उतरवलेल्या होत्या.

उजवा कान: पस्तीस डेसिबल.

डावा कान: चाळीस डेसिबल.